पाडस नव्हे, ओली बाळंतीण : गगनबावड्याकडच्या एका पिसोरीची सहा तासांची केस

हे प्रकरण लिहून काढायचं बरेच दिवस डोक्यात होतं. मागच्या मार्चमधलं आहे, गगनबावडा तालुक्यातल्या एका वाडीतलं. वाडीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पिसोरी, म्हणजे हरणासारखं दिसणारं मांजराएवढं रानातलं जनावर, तिथं अजून आहे आणि नाव कळलं की हौशे-नवशे-गवशे सगळेच येणार, त्यात एखादा फासे लावणारा पण असणार. मी कोल्हापुरात राहतो, स्वतःचं दुकान आहे, आणि जखमी पक्षी-प्राण्यांचा कॉल आला की धावणारे आम्ही काही मित्र आहोत त्यातला मी एक. मी डॉक्टर नाही, वनखात्यातला पण नाही. त्या रात्री कोण काय बोललं, काय केलं, कशात चुकलो ते जसंच्या तसं लिहितोय, कारण अशीच वेळ सह्याद्रीच्या कडेच्या कुठल्याही वाडीवर येऊ शकते.

रविवार होता. संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी व्हॉट्सअॅपवर फोटो आला आणि पाठोपाठ फोन. "दादा, हरणाचं पिल्लू घावलंय. भेकराचं हाय. दूध पिईना झालंय, काय करू?" बोलणारं पोरगं कॉलेजला जाणारं, मागं एकदा घुबडाच्या वेळी माझा नंबर त्यानं घेतला होता. फोटोत सोप्यातली शेणानं सारवलेली जमीन, कोंबड्या झाकायचं डालगं, आणि डालग्याच्या कामट्यांमधून दिसणारं तपकिरी अंग, त्यावर पांढरे ठिपके. मी फोटो बघितला आणि मलापण भेकराचं पिल्लूच वाटलं. आपल्याकडं भेकर भरपूर, त्याच्या पिल्लाला ठिपके असतात हे माहीत, त्यामुळं डोकं आपोआप तिकडंच गेलं. मी म्हटलं दूध देऊ नको, अंधारात ठेव, मी वनरक्षकांना फोन करतो. आणि अजून दोन-तीन फोटो पाठव म्हटलं. ही माझी पहिली चूक, त्यावर पुढं येतो.

दुसऱ्या फोटोत डालग्याला टेकून एक पितळी तांब्या ठेवलेला होता, कुणीतरी पाणी पाजायला आणलेला. जनावर उभं होतं. त्याची पाठ त्या तांब्याच्या दुप्पट उंचीला जेमतेम लागत होती. आणि अंगाची ठेवण पिल्लाची नव्हतीच. भेकराचं लहान पिल्लू असतं ना, ते सगळं पायच पाय असतं, लांब काटकुळे पाय आणि वर छोटंसं धड. इथं उलट होतं, धड गोलसर भरलेलं, मागची बाजू पुढच्यापेक्षा जरा उंच, आणि पाय पेन्सिलीएवढे बारीक. ठिपके पण सुटे सुटे नव्हते, कुशीवर ओळीत लागून जवळजवळ पट्टे झाले होते. गळ्याखाली पांढऱ्या रेघा. तिसऱ्या फोटोत पाय नीट दिसला आणि मग शंकाच राहिली नाही. ती पिसोरी होती, आणि पूर्ण वाढलेली.

इथं थोडं थांबून पिसोरीबद्दल सांगतो, कारण पुढचे सगळे निर्णय ती काय आहे यावरच ठरले. काही भागात गेळा पण म्हणतात, पुस्तकात मूषक हरीण, शास्त्रीय नाव मॉस्किओला इंडिका. भारतातला सगळ्यात छोटा खुरवाला प्राणी. खांद्यापाशी उंची २५ ते ३० सेंटीमीटर, वजन २ ते ४ किलो, म्हणजे एखादं मोठं मांजर. नावात हरीण असलं तरी खरं हरीण नाही. सांबर, चितळ, भेकर हे एका कुळातले, पिसोरी दुसऱ्याच, फार जुन्या कुळातली, ज्याचे नातेवाईक कोट्यवधी वर्षांपूर्वी शिवालिकच्या भागात हिंडत होते आणि त्यांची हाडं आज दगडात सापडतात. नराला शिंग नाही, मादीला नाही. नराला वरच्या जबड्यात बारीक सुळे असतात, तेच त्याचं हत्यार. रवंथ करते, पण गाई-म्हशींसारखे पोटाचे चार कप्पे नाहीत, तीनच नीट तयार झालेले. पायाला चार बोटं, आणि बाजूची दोन बोटंसुद्धा हरणांपेक्षा जास्त पुरी वाढलेली. तिसऱ्या फोटोत मला दिसलं ते हेच.

आणि दिसत नाही म्हणून लोकांना माहीत नाही. राधानगरी-दाजीपूरला वर्षानुवर्षं जाणारी माणसं गवा पन्नास वेळा बघतात, पिसोरी एकदाही नाही. जगाच्या यादीत ती धोक्यात नाही असं म्हणतात, कमी चिंतेच्या गटात आहे, पण आपल्या कायद्यात तिला वाघाच्याच रांगेत बसवलंय, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची एक मध्ये. दिवसभर दाट झाडोऱ्यात, खडकाच्या फटीत नाहीतर पोकळ खोडात दबून बसायचं आणि अंधार पडला की बाहेर यायचं, पडलेली फळं, कोवळा पाला खायचा. उंबर, बेहडा, शिवण यांच्या फळांखाली तिचा रात्रीचा फेरा. घाबरली तर आधी पळत नाही, आहे तिथं दगड होते. अगदी पायाजवळ जाईपर्यंत हलत नाही. या सवयीनं लाखो वर्षं ती वाचली, आणि त्या रविवारी याच सवयीमुळं माणसाच्या हातात सापडली.

ते असं झालं. वाडीच्या खालच्या अंगाला ओढा आहे, ओढ्याला लागून जंगलाची पट्टी वरपर्यंत जाते, आणि अलीकडं उसाचा फड. हंगाम संपत आलेला, बीडकडची टोळी शेवटचा फड तोडून दुपारी गाडीवाटेनं निघून गेली होती. मालकानं वारा बघून पाचट पेटवलं. उसात दिवसा दडून बसायला पिसोरीला आवडत असणार, गार असतं, दाट असतं. धूर झाल्यावर ती बाहेर पडली आणि ओढ्याकडं जायच्या आत वाडीच्या दोन कुत्र्यांनी बघितली. ती पळाली गाडीवाटेकडं. वाटेखाली पाण्यासाठी मोरी आहे, फूटभर रुंदीचा सिमेंटचा पाईप. तिनं त्या पाईपात उडी घेतली आणि मधोमध जाऊन बसली. पोकळ खोडात शिरायचं रक्तात आहे, पाईप म्हणजे तिला खोडच. दोन्ही तोंडांना दोन कुत्री भुंकत उभी. पोरगं आवाजानं तिकडं गेलं, कुत्री दगड मारून हाकलली, वाकून बघितलं तर आत दोन डोळे. त्याला वाटलं पिल्लू अडकलंय, आईपासून चुकलंय. हात घालून मागच्या पायाला धरून ओढून काढलं, शर्टात गुंडाळलं आणि घरी आणलं. तेव्हा चार वाजले होते.

त्याच्या मनात मायाच होती, त्याबद्दल मला शंका नाही, आणि तिथं पोचल्यावर मी त्याला एका शब्दानं बोललो नाही. पण या प्रकरणातली सगळ्यात मोठी गोष्ट मला विचाराल तर हीच आहे, की त्या मोरीत ती अडकलेली नव्हती. ती तिथं सुरक्षित होती. कुत्री बांधून घातली असती आणि माणसं लांब झाली असती तर अंधार पडल्यावर ती स्वतःच्या पायानं ओढ्याकडं गेली असती. तिला माणसाकडनं पाहिजे होतं ते एवढंच.

चार ते सात या तीन तासांत घरात काय काय झालं ते नंतर कळलं. आधी त्यांनी ओळखीच्या एकाला फोन केला, त्यानं सांगितलं गाईचं दूध पाजा. पोराच्या काकींनी कापसाचा बोळा करून दूध पाजायचा प्रयत्न केला, ते ओठावरनं खाली गळलं. गळलं ते नशीब. पूर्ण वाढलेलं रवंथ करणारं जनावर, त्याला दूध लागतच नाही, आणि घाबरलेल्या जनावराच्या तोंडात काहीही ओतलं की ते श्वासनळीत जाऊन फुप्फुसात उतरायची भीती. मधल्या काळात घरातल्या एका पुतण्यानं व्हॉट्सअॅपला स्टेटस ठेवलं होतं, त्यामुळं शेजारच्या दोन वाड्यांतनं माणसं बघायला आली, पोरं डालग्याभोवती बसली, कुणी उचलून मांडीवर घेतलं, सेल्फी झाले. जनावर शांत होतं म्हणून सगळ्यांना वाटलं माणसाळलंय. "कसलं गरीब हाय बघा, जरासुदिक हलंना," असं एक आजी म्हणाल्याचं काकींनी सांगितलं. ती गरीब नव्हती, ती भीतीनं थिजली होती.

या भीतीनं अंगात जे बिघडतं त्याला जनावरांचे डॉक्टर कॅप्चर मायोपथी म्हणतात, आणि हरणांच्या बाबतीत हीच जास्त मारते, जखम नाही. पाठलाग, धरपकड, आवाज, माणसांचा स्पर्श यानं अंगातले स्नायू इतके ताणले जातात की ते आतल्या आत तुटायला लागतात, त्यातला माल रक्तात उतरतो, मूत्रपिंडं निकामी होतात, हृदयावर ताण येतो. वरनं काही दिसत नाही. सोडताना टुणकन उडी मारून गेलेलं जनावर दोन दिवसांनी, कधी आठवड्यानं मेलेलं सापडतं. आणि याच्यावर हमखास असा इलाज नाही, जे काय आहे ते आधीच टाळण्यात आहे.

आता माझी चूक. फोनवर मी "अंधारात ठेव, शांत ठेव" म्हणत होतो आणि त्याच तोंडानं "अजून एक फोटो, पायाचा फोटो, गळ्याचा फोटो" असं मागत होतो. प्रत्येक फोटोला डालगं उचललं गेलं, मोबाईलची बॅटरी डोळ्यावर मारली गेली. चार फोटो म्हणजे चार वेळा तो धक्का. मला ओळख पटवायची होती हे खरं, पण पहिल्याच फोनला मी एवढंच विचारलं असतं की शेजारी तांब्या ठेवून एकच फोटो लांबनं काढ, तरी काम झालं असतं. आता मी तेच करतो.

साडेसातला माझा मित्र, जो जनावरांचा डॉक्टर आहे, फोनवर आला, आणि गगनबावड्याला राहणारे वनरक्षक गाडी काढून निघाले. आम्ही दोघं कोल्हापुरातनं निघालो, अंतर पंचावन्न किलोमीटर, रविवारी संध्याकाळी शहराबाहेर पडायलाच अर्धा तास गेला. डॉक्टरनं गाडीतनंच काकींना जे सांगितलं ते मला आजपर्यंत सगळ्यात उपयोगी वाटलेलं आहे. म्हणाला, काकी, घरात पांढरं धोतर नाहीतर जुनी पांढरी चादर आहे का? डालगं न उचलता एका बाजूनं हळूच आत सरकवा, तिच्या पायाखाली येऊ दे, वरनं बारदान टाका, सगळ्यांना बाहेर काढा आणि दार लावून घ्या. त्या पांढऱ्या कापडावर दोन गोष्टी दिसणार होत्या. कुत्र्याचा दात लागला असेल तर रक्ताचा ठिपका. कुत्र्याचा चावा बाहेरनं टाचणीएवढा दिसतो आणि आतनं कातडं सुटलेलं असतं, केसात तो सापडत नाही, आणि शोधायला जनावर हातात घ्यायचं म्हणजे परत तोच ताण. दुसरी गोष्ट लघवीचा रंग. पिवळसर असेल तर ठीक, कोऱ्या चहासारखी गडद असेल तर स्नायू तुटायला लागलेत असं समजायचं. हात न लावता तपासणी. काकींनी त्यांच्या सासऱ्यांचं धोतर काढलं.

सव्वाआठला वनरक्षक पोचले. त्यांनी बॅटरीच्या काचेवर लाल कापड बांधलं आणि जमिनीवर आडवं होऊन कामट्यांतनं एकदाच, मिनिटभर बघितलं. बाहेर येऊन मला फोन केला आणि जे बोलले ते मला अजून कानात आहे.

"भाऊ, ह्ये पिल्लू न्हाई. मादी हाय. आन ओली बाळंतीण हाय, सड भरल्यात."

गाडीत आम्ही दोघं गप्प झालो. म्हणजे चार वाजल्यापासून एक पिल्लू कुठंतरी दगडाखाली, पानात दबून बसलंय. पिसोरी एका वेळी बहुतेक एकच पिल्लू देते, क्वचित दोन, पाचेक महिने पोटात वाढवून. पिल्लू जन्मल्यावर आईमागं फिरत नाही, लपून एका जागी पडून राहतं आणि आई येऊन पाजून जाते. आईला यायला उशीर झाला म्हणून ते ओरडत नाही, ओरडलं तर रानमांजर, मुंगूस, कोल्हा आहेच. ते फक्त वाट बघतं. आणि अजून एक, या कुळातल्या माद्या व्याल्यानंतर काही तासांतच परत गाभण राहू शकतात. म्हणजे डालग्यात आम्हाला एक जीव दिसत होता, पण बाहेर एक होता आणि बहुतेक पोटात अजून एक.

तिथं केसच बदलली. आतापर्यंत आमच्यात बोलणं असं चाललं होतं की एक रात्र कोल्हापुरात आणून ठेवू, सकाळी नीट तपासू, मग सोडू. आमच्यातल्या एका जुन्या कार्यकर्त्याचं मत तेच होतं आणि त्याच्या बाजूनं मुद्दे पण होते, कुत्र्याचा पाठलाग झालाय, चावा असू शकतो, चावा असेल तर अँटिबायोटिक लागणार, सोडून दिलं आणि मेली तर काय. मी त्याला दोष देत नाही, एरवी मीपण हेच म्हणालो असतो. डॉक्टरनं मात्र गाडीतच हिशोब मांडला. पंचावन्न किलोमीटर गाडीत हादरे, अनोळखी वास, रात्रभर कोंडून, सकाळी परत हाताळणं, परत पंचावन्न किलोमीटर. पिल्लाला तोपर्यंत सोळा-सतरा तास झालेले. जखम असण्याची शक्यता एकीकडं आणि दोन जीव नक्की जाण्याची शक्यता दुसरीकडं. तो म्हणाला, धोतरावर रक्त नसेल, लघवी गडद नसेल आणि ती स्वतःच्या पायावर उभी असेल तर आजच्या आज, अंधारातच, तिथंच. यातलं एक जरी बिघडलेलं दिसलं तर आपण वेगळा विचार करू.

आम्ही पोचलो तेव्हा नऊला पाच कमी होती. दारात वीस-पंचवीस माणसं, पण आवाज नव्हता, वनरक्षकांनी सगळ्यांना रस्त्याच्या पलीकडं बसवलं होतं. काकी उंबऱ्यावर बसलेल्या. त्यांना कळलं होतं. मला बघून म्हणाल्या, "दादा, आमी तिला पिल्लू म्हणून दूध पाजालोय, आन हिचं लेकरू तिकडं उपाशी. मला आधी का कळलं न्हाई वं?" मी म्हटलं, काकी, पहिल्या फोटोला मलापण नाही कळलं. त्यांचं दुसरं वाक्य असं होतं की आता आमच्यावर केस होणार का. घरातल्या कर्त्या माणसाच्या चेहऱ्यावर पण तीच भीती.

हा मुद्दा महत्त्वाचा आहे. अनुसूची एक मधल्या प्राण्याची शिकार केली तर ३ ते ७ वर्षं कैद आहे आणि ती असायलाच पाहिजे. गाडीच्या क्लच वायरचे फासे ससा-डुकरासाठी लावतात आणि त्यात पिसोरी सापडून मरते, त्याबद्दल मला जराही दयामाया वाटत नाही. पण जनावर वाचवायला उचललं आणि तीन तासांत कळवलं, त्या माणसाला सुद्धा भीती वाटली, तर पुढच्या वेळी तो फोनच करणार नाही, रात्री गुपचूप कुठंतरी टाकून येईल, ते पण भलत्याच जागी. वनरक्षकांनी ते फार चांगलं हाताळलं. सगळ्यांसमोर म्हणाले, तुम्ही फोन केला हेच बरोबर केलं, आता पुढच्या वेळी हात लावायच्या आधी करा, वनखात्याच्या १९२६ या नंबरला करा नाहीतर मला करा. आणि त्या पुतण्याला शेजारी बसवून स्टेटस, फोटो सगळं डिलीट करायला लावलं.

धोतर बाहेर काढलं, एका बाजूनं ओढून. बॅटरीच्या उजेडात बघितलं. रक्त नव्हतं. लघवीचा एक मोठा डाग होता, फिकट पिवळा. काळ्या बारीक लेंड्या होत्या आठ-दहा, सुक्या, नीट बांधलेल्या. मागच्या उजव्या पायाला घोट्यावर केस गेलेले आणि सालपट निघालेलं, ते पाईपातनं ओढताना झालेलं असणार, पण त्या पायावर ती भार देत होती. वनरक्षक आले तेव्हा त्यांनी श्वास मोजला होता, मिनिटाला ऐंशीच्या वर होता, आता तासाभराच्या अंधारानंतर तो निम्म्यावर आला होता. डॉक्टरनं तिला हात लावला नाही. तपासायला बोलावलेला डॉक्टर हात न लावता उभा राहतो हे लोकांना विचित्र वाटत होतं, एकानं विचारलंपण, इंजेक्शन नाही देणार? तो म्हणाला, तिला आता माणूस नको, हेच औषध.

वनरक्षकांनी वरिष्ठांना फोन लावला, सगळं सांगितलं, परवानगी घेतली. हे करायलाच लागतं, सोडायचं की ठेवायचं हा निर्णय आमच्यासारख्यांचा नाही आणि नसावा पण.

तेवढ्यात पोरगं पुढं आलं. म्हणालं, मी आणि पोरं ओढ्यात जाऊन पिल्लू शोधतो, बॅटऱ्या आहेत, अर्ध्या तासात शोधतो. डोळ्यात पाणी होतं त्याच्या. वनरक्षकांनी खांद्यावर हात ठेवला, "आरं, तू तिथं हिंडलास तर तुझा वास पडंल, पाय पडंल. आन तू हितं असलास तर ती यायची न्हाई. तिला ठावं हाय कुठं ठेवलंय ते." मग त्याला एक काम दिलं, वाडीतली सगळी कुत्री, स्वतःची आणि शेजाऱ्यांची, सकाळपर्यंत बांधून घालायचं. ते त्यानं नऊ कुत्र्यांचं केलं.

डालगं तसंच उचलायचं ठरलं. हातात घेतलं की परत धरपकड. खालनं एक फळी हळूहळू सरकवली, वरनं बारदान, आणि दोघांनी फळी धरून पावलापावलानं नेलं, बोलायचं नाही, बॅटरी फक्त पुढच्याकडं आणि तीपण लाल कापडातली. मोरीपासनं ओढ्याकडं साधारण दोनशे पावलं. पाचट जळून गेलेल्या पट्ट्याचा वास अजून नाकात होता, पाय ठेवला की राख उडत होती. खरं सांगायचं तर चालताना माझ्या मनात एकच येत होतं, की पिल्लू फडातच ठेवलं असेल तर. ते कुणी बोललं नाही. ओढ्याकडची पट्टी मात्र हिरवी होती, आग तिथपर्यंत आलेली नव्हती.

कारवी आणि जांभळीच्या बुडात फळी टेकवली. डालग्याच्या एका कडेला सुंभ बांधलं, आम्ही पंधरा-वीस पावलं मागं आलो, बॅटरी विझवली, डोळ्यांना अंधाराची सवय होईपर्यंत थांबलो आणि मग वनरक्षकांनी सुंभ ओढून डालगं कलतं केलं. दहाला दहा मिनिटं कमी होती.

ती हलली नाही. चांदणं थोडंसं होतं, फळीवर एक काळा ठिपका दिसत होता फक्त. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मला वाटायला लागलं की आतनं बिघडलंय. डॉक्टरनं माझं मनगट धरून ठेवलं होतं, मी पुढं जाईन म्हणून. मग एक बारीक आवाज आला, टपटपटप, फार जलद, वाळल्या पानावर बोटं वाजवावीत तसा. ती मागचे पाय आपटत होती. धोका वाटला की या जातीची जनावरं असे पाय आपटतात हे वाचलेलं होतं, ऐकलं पहिल्यांदाच. ते थांबलं. परत शांत. आणि मग फळी रिकामी होती. जाताना पाचोळा वाजला नाही, एवढं हलकं पाऊल. आम्ही अजून वीस मिनिटं तिथंच बसून होतो, हलायचं नाही म्हणून.

दुसऱ्या दिवशी वनरक्षकांनी ओढ्याच्या पट्टीत कॅमेरा लावला, एका उंबराखाली, सहा रात्रींसाठी, आणि दिवसा एकदाच लांबनं चक्कर मारली, मेलेलं काही नाही ना ते बघायला. काही सापडलं नाही. तिसऱ्या रात्री दोन वाजून चाळीस मिनिटांनी एक मोठी पिसोरी कॅमेऱ्यात आली, मान खाली घालून उंबर खाताना. कुशीवरच्या ठिपक्यांची रांग दिसते इतका स्वच्छ फोटो. मी आमच्या जुन्या फोटोशी जुळवायला बसलो, पण डालग्यात आम्हाला तिची उजवी कूस दिसली होती आणि कॅमेऱ्यात आली ती डावी. दोन्ही बाजूंची नक्षी सारखी नसते. त्यामुळं ती हीच असं मी म्हणत नाही. उजव्या पायाचं सालपट पण त्या बाजूनं दिसत नाही. पिल्लाचा फोटो सहा रात्रींत आला नाही, आणि लपून राहणारं पिल्लू कॅमेऱ्यासमोर येईल अशी अपेक्षाही नव्हती.

माझा मित्र म्हणतो की आपल्याकडं पिसोरीसारख्या जनावराचा अनुभव कमी आहे म्हणून प्रत्येक वेळी शून्यातनं सुरुवात होते. तसं बघितलं तर देशात काम झालेलं आहे. हैदराबादच्या नेहरू प्राणी उद्यानात २०१० पासून पिसोरींचं प्रजनन केलं, सीसीएमबी या तिथल्याच जीवशास्त्र संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांसोबत, आणि २०१७ पासून त्या तेलंगणातल्या अमराबाद व्याघ्र प्रकल्पात सोडल्या, तेपण एकदम नाही, आधी जंगलातच कुंपणात ठेवून सवय करून. माणसाच्या हाताखाली जन्मलेल्या पिसोरीला परत रान शिकवायला एवढा खटाटोप लागतो. आपल्याकडं राधानगरी आहे, चांदोली आहे, मधली विशाळगड, पन्हाळगड, गगनबावड्याची राखीव जंगलं आहेत, रान शिकलेली पिसोरी तिथं आपणहून आहे. तिला त्या रानातनं एक रात्रसुद्धा बाहेर काढायची वेळ येऊ नये यासाठी धडपडावं असं मला वाटतं. दिसायला बाळासारखी असते हाच तिचा घात आहे, बघणाऱ्याचा हात आपोआप पुढं जातो.

वाडीत दोन गोष्टी बदलल्या. फडाच्या मालकानं या वर्षी पाचट पेटवलं नाही, कुट्टी करून रानातच ठेवलं, आणि ओढ्याकडची दोन सऱ्यांएवढी पट्टी ऊस न लावता तशीच सोडली. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आणि पोरानं मोरीच्या दोन्ही तोंडांना काटेरी फांद्या लावल्या होत्या, परत कुणी आत अडकू नये म्हणून, त्या वनरक्षकांनी काढायला लावल्या. पाईप मोकळा पाहिजे. कुत्री मागं लागली तर तिला शिरायला जागा ती एकच आहे.

पावसाच्या आधी मी एकदा गेलो होतो. काकींनी चहा ठेवला आणि चहा होईपर्यंत मला परड्यात नेऊन ते डालगं दाखवलं, दोन कामट्या बदललेलं, खाली कोंबडीची पिल्लं. मग विचारलं, "कॅमेऱ्यात बारकं काय दिसलं काय वं?" मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, "न्हाई दिसलं तर बरंच हाय. दडून हाय म्हणायचं."